अडवलेल्या चेंडूंची नोंद नसते

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या किलटारा क्लबाचे कारभारी सन्माननीय पॅकी क्वर्क, व्यासपीठावर विराजमान आपले धर्मगुरू फादर लॅहिफ, नदीपलीकडच्या गावांहून अगत्याने आलेली पाहुणेमंडळी, ज्यांच्यासाठी आपण सारे जमलो आहोत ते सत्कारमूर्ती श्रीयुत फिन्टन ग्लीसन, आणि सभागृहातील माझ्या बंधुभगिनींनो,

अध्यक्षांनी मला आवर्जून बजावलं आहे की नोरा शॅनाहनने थोडक्यात आटपावं, कारण चहा गाळून ठेवला आहे. पस्तीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाईला थोडक्यात आटपायला सांगणारा माणूस धाडसीच म्हणायचा. पॅकी, तू माझ्याच वर्गात होतास. मी कधी घंटेवर थांबले होते का?

आणखी एक परवानगी आधीच मागून घेते. व्यासपीठाचा मान म्हणून मी सत्कारमूर्तींना अहो-जाहो करीन. पण आमच्या दोन शेतांत एकच बांध आहे, आणि जन्मभर मी त्या बांधावरून त्याला "अरे फिन्टन, तुझं वासरू माझ्या कोबीत शिरलंय" असंच ओरडत आले आहे. तेव्हा मधूनमधून जीभ घसरली तर मानून घ्या.

मंडळी, निरोप कशाचा आहे ते आपण जाणताच. गेली तीस वर्षं या परिसरातल्या हर्लिंगच्या प्रत्येक सामन्यात गोलच्या खांबाजवळ पांढरा कोट घालून जो माणूस उभा राहिला, तो आता उभा राहणार नाही. चेंडू आडव्या दांड्याखालून गेला की हिरवं निशाण, वरून गेला की पांढरं, आणि बाहेर गेला की दोन्ही हात पसरायचे. एवढंच काम. पण ते करताना आपल्या क्लबाने त्याला किती शिव्या दिल्या असतील हो? परक्यांनी दिल्या त्या निराळ्याच. गेल्या महिन्यात तो स्वतःच अध्यक्षांकडे गेला आणि म्हणाला, "डोळ्यांत मोतीबिंदू आहेत. चेंडू नीट दिसत नाही. दिसत नाही त्यावर निशाण कसं उचलू?" पॅकीने त्याला सांगितलं, "अरे, अर्ध्या जिल्ह्यातले पंच न बघताच उचलतात!" तर म्हणे, "म्हणूनच थांबतो."

या व्यासपीठावरून एक जुनी गोष्ट काढू का, अध्यक्षमहाराज? नाही म्हणालात तरी काढणार आहे. छप्पन्न सालचा अंतिम सामना. शेवटचा फटका, तो बसला असता तर बरोबरी. साऱ्या किलटाराने तो खांबांच्या आत गेलेला पाहिला, आणि फिन्टनने हात पसरले. बाहेर. तो फटका मारणारा एकवीस वर्षांचा पोरगा कोण होता, ते मी सांगत नाही. तो आज अध्यक्षीय खुर्चीत बसून माझ्याकडे डोळे वटारतो आहे. त्या रात्री फिन्टनच्या फाटकाला कुणीतरी पांढरं निशाण बांधून गेलं. सकाळी त्याने ते सोडलं, धुतलं, घडी घातली आणि क्लबात परत आणून दिलं. म्हणाला, "क्लबाचं आहे." पॅकी, आता बावीस वर्षं झाली. खरं सांग, बाहेरच होता ना? मान डोलावलीत. आभारी आहे. सभागृहाने पाहिलं आहे.

तर हसणं झालं. आता ज्यासाठी मी भाषणाला उभी राहायला कबूल झाले, तिकडे येते.

इथे प्रत्येक सत्कारात एक प्रथा आहे. वक्ता उठतो आणि सत्कारमूर्तीने किती सामने जिंकले, किती गोल केले, किती पदकं मिळवली ते वाचून दाखवतो. मीही शोधायला बसले. फिन्टन ग्लीसन यांचं एकही पदक सापडलं नाही. जिल्ह्याच्या संघात ते गोलरक्षक म्हणून निवडले गेले, एकदाच. तो सामना ठरल्या दिवशी झालाच नाही. आणि साहजिकच आहे, गोलरक्षकाच्या नावापुढे काय लिहितात? जे चेंडू त्याच्या हातून सुटले, तेवढेच फलकावर लागतात. जे त्याने अडवले ते कुठे लिहितात? मला आजवर कुणी दाखवलेलं नाही.

न झालेला तो सामना म्हणजे एकेचाळीस सालचा. ज्येष्ठ मंडळींच्या कपाळाला आठी पडलेली मला इथून दिसते आहे. तरुणांनी आजोबांच्या तोंडून ऐकलं असेलच, की त्या साली आपल्या टिपरेरी जिल्ह्यावर अन्याय झाला. युद्ध चालू होतं, चहा चिमटीने मिळत होता, पेट्रोल नव्हतं, म्हणून लोक सायकलींवर मैलोन्‌मैल सामन्यांना जात होते. आणि त्या वसंतात गुरांचा लाळ्या-खुरकूत रोग आला. ज्या पट्ट्यात तो सापडला तिथे बाजार बंद, नाच बंद, कुठे कुठे तर रविवारची प्रार्थनाही बंद. वाटेवर औषधाच्या पाण्यात भिजवलेला पेंढा टाकलेला असे, त्यात बूट बुडवल्याशिवाय पुढे पाऊल टाकायचं नाही. पण आपल्या बाजूला, किलटाराकडे, तो आला नव्हता. इथले लोक छातीठोकपणे सांगत, आमच्या कुरणांना देवाचा आशीर्वाद आहे. जुलै आला, गवताची कापणी सुरू झाली, कॉर्क जिल्ह्याशी सामना ठरला, आणि आपल्या गावाचा पोरगा गोलमध्ये उभा राहणार म्हणून निवड जाहीर झाली. आपल्या गावातून जिल्ह्याच्या संघात गेलेला पहिला माणूस! माझे वडील, जेर शॅनाहन, तेव्हा क्लबाचे अध्यक्ष होते. त्यांना माझ्या जन्माच्या वेळी इतका आनंद झाला नव्हता, हे मला आईनेच सांगितलं आहे.

सामना रविवारी होता. शुक्रवारी दुपारी मी बांधाजवळ गवत उलटत होते. पलीकडे फिन्टनने त्याच्या तांबड्या गायीचं तोंड उघडून धरलं होतं. शेजारी त्याची आई उभी. गायीच्या तोंडातून लाळेची तार लोंबत होती, आणि ती एकेक पाय उचलून झटकत होती.

आता एक गोष्ट सांगते, ती आपल्यालाच ठाऊक आहे, बाहेरच्यांना नाही. त्या उन्हाळ्यात साऱ्या परिसरात एक शब्द चालत होता, "काटा." गाय लाळ गाळू लागली की आपण म्हणायचो, काटेरी झुडूप खाल्लं असेल, जिभेत काटा रुतला असेल. गवतात काटेरी झुडपं असतातच, आणि काटे रुततातही. पण त्या उन्हाळ्यात काट्यांचा जरा सुळसुळाटच झाला होता. प्रत्येक जण शेजाऱ्याच्या गायीकडे बघायचा नाही आणि स्वतःच्या गायीला काटा लागला म्हणायचा. खोटं कुणी बोलत नव्हतं हो. भीती वाटली की माणूस आधी स्वतःलाच समजावतो, मग जगाला.

फिन्टनची आई म्हणाली, "काटाच असेल रे. रविवार तेवढा होऊ दे."

तेवढ्यात माझे वडील बांधापाशी आले. त्यांनी वाकून पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. मग म्हणाले, "काटा आहे. मीठ-पाण्याने धू. सोमवारी बघू."

फिन्टन म्हणाला, "जेरकाका, जिभेवर फोड आहे. आणि खुरांच्या बेचक्यातही."

"मी म्हणतो ना, सोमवारी बघू."

"सोमवारपर्यंत हेच बूट घालून मी मैदानावर जाईन. सगळे येतील. कॉर्कवालेही."

"सगळेच येणार रे! त्यासाठीच तर सामना असतो!" माझे वडील ओरडले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "पोरा, तुझा जन्म या एका रविवारसाठी झाला. दोन दिवस. दोन दिवसांनी काय बिघडतंय?"

तुम्हाला काय वाटतं, मंडळी, चोवीस वर्षांच्या पोराच्या मनात तेव्हा काय चाललं असेल? मला विचाराल तर मी गप्प बसले असते. एकोणीस वर्षांची होते, आणि मलाही रविवारी नवा फ्रॉक घालून मैदानावर जायचं होतं. फिन्टनने गायीचं तोंड सोडलं, तिच्या मानेवर थाप दिली, आणि भिंतीला टेकवलेली सायकल उचलली. त्याची आई मागून हाका मारत राहिली. रोगाची वर्दी द्यायची ती पोलीस चौकी साडेतीन मैलांवर आहे. फिन्टन, तू जाताना एकदाही मागे वळून पाहिलं नाहीस, आणि मला तुझा भयंकर राग आला होता. आज सगळ्यांसमक्ष सांगते.

शनिवारी सैनिक आले. नियम असा होता की रोग सापडलेल्या गोठ्यातली गुरं तर मारली जातातच, पण बांधाला बांध लागून असलेल्या शेजाऱ्याचीही जातात. आमच्या गुरांना काहीही झालेलं नव्हतं. माझे वडील दारात उभे राहून प्रत्येकीला नावाने हाक मारून बाहेर सोडत होते. त्यांना वाटत होतं, अनोळखी माणसाने ओढत नेलं तर त्या घाबरतील. नंतर चुना, खड्डा आणि तो वास. त्याबद्दल मी एवढंच सांगते, की पहाटे दूध काढायच्या वेळेला माझी आई त्यानंतर कित्येक दिवस बादली घेऊन उठायची आणि दारापर्यंत जाऊन परत यायची.

रविवारचा सामना रद्द झाला. केवळ किलटारामुळे झाला असं मी म्हणत नाही, रोग जिल्ह्यात दुसरीकडेही होता. पण किलटाराच्या माणसाला जगातली प्रत्येक गोष्ट किलटारामुळेच घडते असं वाटतं. आधी सामना पुढे ढकलला, मग त्या वर्षापुरतं टिपरेरीला अखिल आयर्लंड स्पर्धेतून बाजूलाच ठेवलं. कॉर्क डब्लिनला गेलं आणि अखिल आयर्लंडचा कप घेऊन आलं.

आणि मग सुरू झाला "सोमवार." आठवतं ना? फिन्टन दुकानात शिरला की कोपऱ्यातून कुणीतरी विचारायचं, "काय रे, आज वार कोणता?" दुसरा म्हणायचा, "ग्लीसनांच्या घरी सोमवार येतच नाही, शुक्रवारीच आठवडा संपतो." चर्चमध्ये त्याच्या बाकावर दोन्ही बाजूंना जागा मोकळी. रोगाच्या भीतीने नव्हे, ती केव्हाच ओसरली होती. माझे वडील तर रस्त्यात तो दिसला की पलीकडच्या कडेला जात, आणि आपला रस्ता किती रुंद आहे ते तुम्हाला माहीत आहे. दोघांचे खांदे घासायचे, पण शब्द नाही.

लोक म्हणत, "दोन दिवस थांबला असता तर काय आकाश कोसळलं असतं?" कोसळलं नाही ते आकाश फिन्टन दाखवणार कसं?

ऑक्टोबरमध्ये रोग हटला, आणि राहून गेलेला प्रांताचा अंतिम सामना खेळवायचं ठरलं. आपण आणि कॉर्क, लिमरिकला. फिन्टनलाही बोलावणं आलं, पण आता राखीव म्हणून. मधल्या काळात दुसरा गोलरक्षक तयार झाला होता, आणि चांगला होता, त्यात कुणाचा दोष नाही. पण फिन्टनकडे खेळायची काठी नव्हती, हर्लीच नव्हती. गोठ्यातलं आणि अंगणातलं लाकूड सगळं जाळायचं होतं, तेव्हा त्याने तीही आगीत टाकली होती. सैनिक म्हणाला होता, "काठी ठेव रे, धुऊन घे." याने ऐकलं नाही. हा माणूस असाच आहे, काय करणार?

त्या आठवड्यात माझ्या वडिलांनी माळ्यावरून एक हर्ली काढली. गोलरक्षकाची, रुंद पात्याची, त्यांची स्वतःची. माझ्या हातात देऊन म्हणाले, "त्याच्या दारात टाकून ये. आणि सांग, बोलणं अजून बंद आहे."

मी जाऊन तसंच सांगितलं. फिन्टनने ती हातात घेऊन तोलून पाहिली आणि म्हणाला, "त्यांना सांग, मीही काही बोलत नाहीये."

लिमरिकला आपण कॉर्कला हरवलं. अखिल आयर्लंडचा कप जिंकून आलेल्या संघाला हरवलं! त्या दिवसापासून या गावात असं ठरलं आहे की एकेचाळीसचे खरे विजेते आपण. दर नाताळात कुणीतरी ग्लास उंचावून तसं म्हणतं, आणि दर नाताळात कोपऱ्यातून एक आवाज येतो, "कप कॉर्कचा. आपण त्यांना हरवलं, एवढंच." सदतीस वर्षं मंडळी! एका वर्षी तरी गप्प बसावं की नाही माणसाने?

त्या सामन्यात फिन्टनला मैदानात उतरायला मिळालं नाही. बाकावर बसून राहिला, माझ्या वडिलांची हर्ली गुडघ्यांत धरून. सामना संपला, लोक मैदानात धावले, आणि त्या गर्दीत कॉर्कचा एक शेतकरी त्याला शोधत आला. मी आणि वडील दोन हातांवर उभे होतो. त्या माणसाने विचारलं, "किलटाराचा तो गोलरक्षक तूच का? शुक्रवारी चौकीवर गेलेला?"

फिन्टनला वाटलं, आता परक्यांकडूनही ऐकावं लागणार. म्हणाला, "मीच."

तो माणूस म्हणाला, "जुलैत मी आणि माझे चारही भाऊ इथे येणार होतो. तुमच्यात मिसळून उभे राहणार होतो. आज आमच्या पाचही गोठ्यांत गायी आहेत." मग त्याने डोक्यावरची टोपी काढली. आपला संघ हरलेला असताना, लिमरिकच्या मैदानात, टिपरेरीच्या माणसासमोर कॉर्कच्या माणसाने टोपी काढली. असं मी ना आधी पाहिलं ना नंतर.

परतताना अंधार पडायच्या आत घर गाठायचं म्हणून आम्ही सायकली जोरात हाणत होतो. नदीचा पूल ओलांडल्यावर वडील मागून पुढे आले, फिन्टनच्या बरोबरीने काही वेळ चालवली, आणि म्हणाले, "तुझ्या मागच्या चाकात हवा कमी आहे."

फिन्टन म्हणाला, "हो, सकाळपासूनच आहे."

"मग सकाळीच भरायची ना."

झालं. आमच्या घरी माफी अशीच मागतात. त्यानंतर माझे वडील वारले तोपर्यंत रोज संध्याकाळी ते दोघे बांधावर उभे राहून एकमेकांची चूक काढत असत, आणि कुणाच्याही आयुष्यात यापेक्षा चांगली मैत्री मी पाहिलेली नाही.

पण मंडळी, माझ्या वडिलांनी हवा भरली, गावाने नाही भरली. "सोमवार" आजही अधूनमधून ऐकू येतो. परवा दुकानात एका विशीतल्या पोराने म्हटलेला मी स्वतःच्या कानांनी ऐकला. त्या पोराला त्याचा अर्थही ठाऊक नव्हता. आणि पुढच्या आठवड्यात फिन्टन मुलीकडे डब्लिनला राहायला जातो आहे. त्याची गुरं विकली गेली, घराची किल्ली त्याने माझ्याकडे दिली आहे. या गावातून तो "सोमवार" हे नाव घेऊन जाऊ नये, एवढ्यासाठी मी इथे उभी आहे. नाहीतर मला काय, चहा मलाही आवडतो.

भेटवस्तू अध्यक्ष देतीलच. घड्याळ आहे, कळलं मला, आणि चांगलं आहे. मला एक वेगळी गोष्ट करायची आहे. कृपा करून कुणी हसू नका. एकेचाळीस साली ज्यांच्या गोठ्यातली एकही गाय गेली नाही, त्यांनी जरा उभं राहावं. तरुणांनी आपल्या वडिलांचा, आजोबांचा गोठा धरावा. नदीपलीकडच्या पाहुण्यांनीही.

हं, उठा. लाजू नका. टेकडीवरचे सगळे, उठा. पॅकी, तुझ्या वडिलांच्या नऊ गायी होत्या, मी त्यांचं दूध प्यायले आहे, ऊठ. फादर, तुमच्याकडे गाय नव्हती हे मला माहीत आहे, पण चहात दूध घातलंत ना हो तेव्हा? मग उठा. मागच्या रांगेत, हो, तूही, दुकानात सोमवार म्हणणाऱ्या. तुझ्या आजोबांचा गोठा आमच्यापासून तीनच शेतं लांब होता.

फिन्टन, तुला चेहरे नीट दिसत नसतील. पण खुर्च्या सरकल्याचा आवाज ऐकलास ना? या बाजूचं सभागृह उभं आहे. त्या बाजूचंही उभं आहे. मागे भिंतीपर्यंत लोक उभे आहेत. तू अडवलेले चेंडू आहेत हे, फिन्टन. मला सगळे मोजता येत नाहीत.

अध्यक्षमहाराज, आपण मला बोलू दिलंत, पाहुण्यांनी आणि सभागृहाने इतका वेळ ऐकून घेतलं, मी मनापासून ऋणी आहे. शिक्षिकेची जीभ आहे, कुणाला लागेल असं काही बोलून गेले असेन, कुणाचं नाव राहिलं असेल, एखाद्याचं नको तिथे घेतलं असेल, तर शाळेतल्या बाई म्हणून सोडून द्या. तुम्ही उभेच राहा, जरा वेळ.

आमच्या घरची मात्र सगळी गुरं गेली होती. तेव्हा मला आता बसायला हवं.